गैरहजेरीचे दिवस

आमचे अण्णा पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचे. सांगलीत बुद्धिबळ खेळणं ही मुद्दाम सांगायची गोष्ट नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, तेव्हापासून या गावात पट मांडून बसलेला माणूस कुणाला नवलाचा वाटत नाही. पण अण्णांचा समोरचा खेळाडू समोर नसायचा. तो कधी जबलपुरात असे, कधी हंगेरीत. कार्ड यायचं, त्यावर तारीख आणि चार आकडे. ५२५४. पाचव्या उभ्या पट्टीतल्या दुसऱ्या घरातलं प्यादं त्याच पट्टीतल्या चौथ्या घरात. दोघांची भाषा वेगळी असली तरी आकडे दोघांना कळतात, म्हणून ही पद्धत. अण्णा कपाटावर मांडलेल्या पटावर तेवढं एक प्यादं सरकवायचे आणि वर धुतलेला पंचा अंथरून ठेवायचे. त्या पंचाला हात लावायची घरात कुणाची हिंमत नव्हती.

दहा चालींना तीस दिवस, असा तो हिशेब होता. पण कार्ड वाटेत असेल ते दिवस त्यात धरायचे नाहीत. लहानपणी मला ते फार आवडायचं. पोस्टमन उशिरा आला, पूर आला, संप झाला, तर त्याची शिक्षा खेळणाऱ्याला नाही. हा नियम ज्यानं केला त्याला माणसांचं जगणं ठाऊक असणार. हे मला आज वाटतं. १९९६ साली माझ्या हातात तसाच एक नियम आला, तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या वर्षी दादाचा हरभट रोडवर, एका कापड दुकानाच्या वर, कॉम्प्युटर क्लास होता. चार मशिन, त्यातलं एक ४८६ चिपचं. इंटरनेट आदल्या वर्षी १५ ऑगस्टला देशात सुरू झालेलं होतं, पण ते मोठ्या शहरांत. सांगलीहून त्याला हात लावायचा तर एसटीडी लावायची, आणि तीही रात्री अकरानंतर दर पाव झाल्यावर. दादानं मोडेम आणला, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या तारेशी जोडणारं यंत्र, सेकंदाला १४,४०० बिटांचं, आणि ठरवलं की आपणच गावात एक बीबीएस चालवायची. बुलेटिन बोर्ड सिस्टीम. म्हणजे एक मशिन, एक मोडेम, एक फोन लाईन. कुणीही आपल्या मोडेमवरून त्या नंबराला फोन करायचा, आपलं मशिन उचलणार, काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरांचा मेनू दाखवणार. निरोप वाचा, निरोप ठेवा, फाईल घ्या, आणि फोन ठेवा म्हणजे दुसऱ्याला लागेल. सांगली आणि मिरजेचा एसटीडी कोड एकच, ०२३३, त्यामुळे दोन्ही गावांना लोकल फोनच्या पैशात जमणारं होतं. क्लासचा फोन दिवसा क्लासला लागे. रात्री नऊ ते सकाळी सहा तो बीबीएसचा.

या प्रकाराची सुरुवात शिकागोतली. १९७८ च्या जानेवारीत तिथं बर्फाचं मोठं वादळ झालं, लोक घरात अडकले, आणि वॉर्ड ख्रिस्टेन्सेन व रँडी सुएस या दोघांनी त्या अडकलेल्या दिवसांत कामाला हात घातला. १६ फेब्रुवारीला त्यांची पहिली बीबीएस, सीबीबीएस, फोन घ्यायला लागली. बाहेर पडता येत नाही अशा वेळी माणसाला हे सुचलं, यावर दर वर्षी कृष्णेकडे डोळे लावून बसणाऱ्या गावातल्या माणसाचा विश्वास लगेच बसतो.

दादाला मशिन जोडायला आवडायचं, मॅन्युअल वाचायला नाही. मी तेव्हा विलिंग्डनला बी.एस्सी. करत होते आणि मला मॅन्युअल वाचायला आवडायचं. म्हणून खेळ बसवायचं काम माझ्याकडे आलं. मुंबईहून कुणीतरी फ्लॉपीवर आणलेला 'लिजेंड ऑफ द रेड ड्रॅगन', सेथ रॉबिन्सननं १९८९ साली लिहिलेला. चित्र नाही, आवाज नाही. एक गाव, गावाबाहेर जंगल, एक सराई, शस्त्रांचं दुकान, एक गुरू. आपण योद्धा. जंगलात जायचं, लढायचं, सोनं मिळवायचं, पायरी चढायची. बाराव्या पायरीवर पोचलं की लाल ड्रॅगनला शोधायचं. दिवसाला जंगलातल्या लढाया मोजक्या. त्या संपल्या की आजचा दिवस संपला.

आणि हा बहुखेळाडू खेळ. एका लाईनवर. ज्या क्षणी एक जण आत असेल त्या क्षणी बाकी सगळ्यांना फोन एंगेज. म्हणजे अनेकांचा हा खेळ अनेक जण कधीच एकत्र खेळत नव्हते. दादाच्या क्लासमधले शहाणे लोक हसले होते यावर. मला मात्र कपाटावरचा पंचा आठवला.

बसवणं म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते कळणार नाही. बीबीएस हा एक प्रोग्रॅम आणि खेळ हा दुसराच प्रोग्रॅम. बीबीएसमधून बाहेर पडून खेळात जायच्या वाटेला 'डोअर' म्हणत, दार. दारातून माणूस पलीकडे गेला की बीबीएसची त्याच्याशी ओळख तिथंच तुटते. मग पलीकडच्या खेळाला कसं कळणार की कोण आलंय? त्यासाठी बीबीएस दारावर एक चिठ्ठी सोडते. डोअर डॉट सिस नावाची साधी मजकुराची फाईल, ५२ ओळींची. फोन कुठल्या पोर्टवर आलाय, वेग किती, माणसाचं नाव काय, पडद्यावर रंग दिसतात का, त्याच्याकडे किती मिनिटं उरलीत. खेळ ती चिठ्ठी वाचतो, नाव घेऊन स्वागत करतो, आणि मिनिटं संपली की माणसाला परत पाठवतो. खेळाला मोडेमशी थेट बोलायचा त्रास नको म्हणून मधे फॉसिल नावाचा ड्रायव्हर घालावा लागे. आम्ही एक्स-शून्य-शून्य नावाचा वापरला, मशिन सुरू होताना वाचतं त्या कॉन्फिग डॉट सिस फाईलमध्ये एक ओळ घालून.

चिठ्ठी कुठल्या फोल्डरमध्ये पडते आणि खेळ ती कुठं शोधतो, हे दोन पत्ते जुळले पाहिजेत. माझे जुळायला तीन रात्री गेल्या. पहिल्या रात्री खेळ सुरू व्हायचा तो क्लासच्या पडद्यावर, आणि फोनवरच्या माणसापुढे नुसता काळोख. दुसऱ्या रात्री फॉसिल ड्रायव्हर चढलाच नव्हता. तिसऱ्या रात्री दादा सांगलीवाडीतल्या मित्राच्या घरी बसून दर दहा मिनिटांनी फोन लावत होता आणि मी इकडे एकेक ओळ बदलत होते. पावणेबाराला त्याच्या पडद्यावर गावाचं नाव उमटलं. मोडेम फोनवर असल्यामुळे त्याला मला सांगता येईना. माझ्या पडद्यावर त्याची अक्षरं उमटताना मला दिसत होती, एकेक करून. "लागलं".

मग खरं काम सुरू झालं. खेळाचा कॉन्फिग प्रोग्रॅम असतो, त्यात आकडे भरायचे. मी ते सगळे शंभर पानी वहीत पेन्सिलीनं उतरवले, बदलला तर तारखेसह. दिवसाला लढाया किती. एकानं दुसऱ्या खेळाडूवर दिवसाला किती हल्ले करावेत. किती दिवस न आलेला खेळाडू काढून टाकावा. तेव्हा मला ही तांत्रिक कामं वाटत होती. आता वाटतं की एका छोट्या गावाचे कायदे मी रात्री साडेबाराला, डोळ्यांवर झोप असताना, कुणाला न विचारता लिहीत होते.

एक कायदा मला खेळातच तयार मिळाला होता आणि तो विलक्षण होता. फोन ठेवताना तुमचा योद्धा कुठं झोपणार? पैसे खर्च केले तर सराईत खोली. नाही केले तर उघड्या शेतात. शेतात झोपलेल्यावर दुसरा कुणीही येऊन हल्ला करू शकतो. तुम्ही मिरजेत घरी जेवत असता आणि इकडे तुमचा योद्धा मारला जातो, सोनं जातं. उद्या फोन लावला की निरोप वाट बघत असतो. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. आयुष्यभर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून काम केलेला माणूस. माल उघड्यावर आणि मालक घरी, ही काळजी त्यांना कुणी शिकवायला नको होती. म्हणाले, "म्हणजे नसलेल्या माणसाबरोबरच खेळ आहे म्हणायचा."

त्याहून नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

अकरा जण झाले होते. एक सीए, एक डॉक्टर, वालचंद कॉलेजची काही पोरं, कुपवाडच्या एमआयडीसीतला एक मशिनिस्ट ज्याच्या मालकाच्या ऑफिसात मोडेम होता. एकमेकांना निरोप मराठीत, पण अक्षरं रोमन. त्या पडद्याच्या २५६ चिन्हांत रेघा होत्या, चौकटी होत्या, ग्रीक अक्षरं होती, देवनागरी नव्हती. 'मला', 'मळा', 'माळा' आणि 'माला' सगळे एकसारखे दिसायचे. त्यावरून एकदा दोघांत खरं भांडण झालं आणि ते दोघं प्रत्यक्ष भेटले ते आमराईत, समेट करायला.

रात्री बाराला खेळाचा दिवस बदलायचा, लढाया पुन्हा भरायच्या. ज्याला अकरा पंचावन्नला फोन लागला तो आजच्या लढाया संपवून, तसाच थांबून किंवा पुन्हा लावून, बारा वाजून दोन मिनिटांनी उद्याच्याही लढू शके. त्यामुळे बाराच्या सुमाराला सांगली-मिरजेत अकरा घरांतून एकच नंबर फिरवला जाई आणि दहा घरांत एंगेज टोन ऐकू येई. मोडेमचा दिवा एक सेकंद विझायचा आणि लगेच पेटायचा. त्या एका सेकंदात कोण जिंकलं ते मला पडद्यावर नावासकट दिसायचं. मी क्लासच्या लाकडी स्टुलावर बसून ते बघायची. एवढी माणसं या क्षणी एकाच दारापाशी उभी आहेत, हे त्या सगळ्यांत फक्त मला दिसत होतं.

मिरजेचा एक मुलगा होता. आडनाव इथं सांगत नाही. खेळात त्यानं बहिर्जी नाव घेतलं होतं. नवव्या पायरीवर होता, कुणाच्याही पुढं. शेतातच झोपायचा, कारण सगळं सोनं शस्त्रावर घालायचा. आणि तरी त्याला मारणं कुणाला जमत नव्हतं. ऑगस्टमध्ये पावसानं त्याच्या गल्लीतले फोन मेले. तक्रारी झाल्या, लाईनमन येऊन गेला, फोन काही उठला नाही. तेव्हाच्या पावसाळ्यात फोन आठवडे आठवडे मरून पडत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि माझ्या वहीत लिहिलेलं होतं: न आलेला खेळाडू काढणे, १४ दिवस. हार्ड डिस्कवर जागा राहावी, यादी स्वच्छ दिसावी, एवढंच डोक्यात होतं.

तेविसाव्या दिवशी त्याचा फोन लागला. मी पडद्यासमोर होते. चिठ्ठी पडली, खेळानं ती वाचली, यादीत नाव शोधलं, सापडलं नाही. आणि त्याला विचारलं, जसं कुठल्याही नव्या माणसाला विचारतो, की तू नवा दिसतोस, नाव काय घेणार? त्यानं काहीच टाईप केलं नाही. त्या पडद्यावर तो चार-पाच मिनिटं थांबला असेल. मग कॅरिअर, म्हणजे मोडेमचा जोड, तुटला.

त्याच्या फाईलची प्रत माझ्याकडे असायला हवी होती. आठवड्याचा बॅकअप मी घेतच असे, पण त्याचं नाव निघून गेल्यानंतरचा रविवार उलटला होता आणि त्याच फ्लॉपीवर नवी प्रत बसली होती. मी त्याच्यासाठी निरोप ठेवला. तो वाचायला तो परत आला नाही. पोस्टमनच्या वाटेवरचे दिवस खेळाडूच्या नावावर धरायचे नाहीत, हे ज्या घरात रोज डोळ्यांसमोर होतं त्या घरातली मी. वाटेवरचे तेवीस दिवस मी त्याच्या नावावर धरले होते.

१९९८ मध्ये दादानं क्लास बंद केला आणि पुण्याला गेला. बीबीएस त्याच्या थोडी आधीच थांबली होती. लोक इंटरनेटकडे गेले आणि त्यात वावगं काही नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ४५ फुटांना धोक्याची पातळी म्हणतात. गावभागातलं आमचं घर खालून अर्ध्यावर पाण्यात होतं. अण्णा तोवर जाऊन सहा वर्षं झाली होती. पाणी उतरल्यावर दादा आणि मी माळ्यावर चढलो. तिथं पाणी पोचलं नव्हतं, पण ओल सगळीकडे होती. फ्लॉपींचा डबा प्लॅस्टिकचा, त्यात आतून दव जमलेलं. नंतर ड्राईव्ह आणून एकेक घालून पाहिली; चकतीवर बुरशीचे ठिपके, आणि ड्राईव्हचा तो खरवडल्यासारखा आवाज. एकही वाचली गेली नाही. अण्णांच्या लोखंडी ट्रंकेत मात्र पोस्टकार्डं कोरडी होती, डावाप्रमाणे दोऱ्यानं बांधलेली. त्या गठ्ठ्यांखाली माझी शंभर पानी वही. अण्णांनी ती कधी तिथं ठेवली ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या मते ते एकाच जातीचे कागद असणार.

त्या वहीवरून मी गेल्या वर्षी खेळ पुन्हा बसवला. हे सोपं झालं असेल असं वाटत होतं, तसं नाही. खेळ डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टीमचा, सोळा बिटांचा. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर असले प्रोग्रॅम मुळात चालतच नाहीत. म्हणून विश्रामबागेतल्या एका ऑफिसनं काढून टाकलेलं जुनं, ३२ बिटांच्या विंडोजचं मशिन आणलं. त्यावर सिंक्रोनेट ही बीबीएस घातली. रॉब स्विंडेल यांनी लिहिलेली, आजही सांभाळली जाणारी, सगळ्यांना फुकट. मोडेमच्या जागी आता टेलनेट, म्हणजे नेटवर्कवरून नुसत्या मजकुरानं दुसऱ्या मशिनशी बोलायची पद्धत, पोर्ट २३. टेलनेटवर पासवर्डसुद्धा उघडा जातो, म्हणून जगाला दार न उघडता आमच्या सात जणांपुरतं खासगी नेटवर्क केलं. पुण्याचा दादा, त्याची मुलगी, नाशिकची एक मैत्रीण, जुन्यांपैकी सीए आणि मशिनिस्ट, आणि माझी दोन मुलं.

आता लाईन एक नाही, चार आहेत. चार नोड. आणि इथं मला माझ्या वहीत नसलेली गोष्ट शिकावी लागली. सिंक्रोनेटच्या सेटिंगमध्ये या दाराला 'एका वेळी अनेक जण' ही परवानगी दिली, 'नेटिव्ह प्रोग्रॅम' ला नाही म्हटलं, कारण खेळ डॉसचा, चिठ्ठीचा प्रकार डोअर डॉट सिस निवडला. पहिल्या रविवारी दादा आणि त्याची मुलगी एकाच वेळी आत गेले, आणि दादा मला फोनवर ओरडून सांगायला लागला की मी मुलीच्या नावानं आत आलोय, तिचं सोनं माझ्याकडे दिसतंय. बीबीएस प्रत्येक नोडसाठी चिठ्ठी त्या त्या नोडच्या फोल्डरमध्ये टाकत होती. मी खेळाला मात्र सगळ्यांसाठी पहिल्याच नोडचा पत्ता दिला होता. दुसऱ्या दारातून आलेल्याचीही चिठ्ठी तो पहिल्या दारावर वाचत होता. एक लाईन असताना ही चूक करताच येत नव्हती. खेळाच्या कॉन्फिगमध्ये चारही नोडना आपापला पत्ता दिला, खेळ सुरू करणाऱ्या बॅच फाईलला नोडचा नंबर पुढं पोचवायला सांगितलं, आणि घर एक, दारं चार अशी व्यवस्था लागली. खेळाडूंची यादी चौघांनाही तीच. एक जण तिच्यात लिहीत असताना दुसऱ्यानं क्षणभर थांबायचं, हेही आता मशिन सांभाळतं.

मग त्या आकड्यापाशी आले. किती दिवस न आलेला खेळाडू काढून टाकावा. वहीत १४, खाली पेन्सिलीची दुहेरी रेघ, आणि पुढं तारीख, तो येऊन गेला त्या रात्रीची. मी तिथं खेळ घेईल तेवढा मोठा आकडा घातला. मुलगा म्हणाला, आई, यादी मरतुकड्या नावांनी भरेल. भरू दे म्हटलं. नाशिकच्या मैत्रिणीचं मागच्या महिन्यात ऑपरेशन झालं, पाच आठवडे ती आली नाही. आली तेव्हा तिचा योद्धा सराईत जिथं झोपला होता तिथंच होता. तिची सराईची सोय आधीच केलेली होती, ती तशी जपून राहणारी बाई आहे.

मिरजेच्या त्या मुलाचा पत्ता मला सीएंकडून मिळाला. तो आता कोल्हापूरला असतो. त्याला मी पोस्टकार्डच पाठवलं. नेटवर्कमध्ये कसं यायचं ते चार ओळींत, आणि खाली त्या आकड्याबद्दल, आता दिवस मोजत नाही, एवढंच. चार महिने झाले. कार्ड वाटेत आहे असं मी धरून चालते.

आजही रात्री बाराला खेळाचा दिवस बदलतो. एंगेज टोन नाही, कुणाला कुणाची अडचण नाही, तरी अकरा पंचावन्नला नोड एक पेटतो, मग दोन, मग तीन. दादा असतो, त्याची मुलगी असते, मशिनिस्ट आता रिटायर झालेत तरी रोज असतात. सिसॉपच्या, म्हणजे बीबीएस चालवणाऱ्याच्या, पडद्यावर मला तिघांचीही नावं दिसतात. चौथ्या ओळीत लिहिलेलं असतं, नोड चार, कॉलची वाट पाहत आहे.